पाच रेषा आणि चार तारा

व्हायोलिनसाठी छापलेल्या संगीताच्या पानावर पाच आडव्या समांतर रेषा असतात आणि त्या रेषांवर, त्यांच्या मधल्या जागांत किंवा त्यांच्या वर-खाली लंबगोल टिपके मांडलेले असतात. या पाच रेषांच्या पट्ट्याला स्टाफ म्हणतात. टिपका जितका वर, तितका स्वर उंच. डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो. एवढे कळायला पाच मिनिटे पुरतात. अडचण यानंतर सुरू होते. पियानोवर एका टिपक्याची एकच पट्टी ठरलेली असते, ती दाबली की स्वर मिळतो. व्हायोलिनवर त्याच टिपक्यावरून चार गोष्टी ठरवाव्या लागतात: तार कोणती, बोट कोणते, ते बोट तारेवर नेमके कुठे टेकवायचे आणि गज कोणत्या दिशेने किती ओढायचा. पहिल्या दोन गोष्टी कागदावरून जवळजवळ पूर्ण कळतात. चौथी बऱ्याच अंशी कळते. तिसरी मात्र कागदावर नसतेच. ती कानाने ठरवायची असते. व्हायोलिन शिकणाऱ्याचे वाचन पियानो शिकणाऱ्यापेक्षा वेगळ्या वाटेने जाते ते यामुळे.

मुळात ही लिपी व्हायोलिनसाठी तयार झालेलीच नाही. स्वरांची उंची रेषांवर मांडण्याची कल्पना ११ व्या शतकात इटलीतल्या अरेझ्झोच्या ग्विदो या ख्रिस्ती मठवासी संगीतशिक्षकाने पद्धतशीर केली. चर्चमधली स्तोत्रे ऐकून ऐकून पाठ करण्यात गायकांची वर्षे जात. न ऐकलेले गाणेही कागदावरून गाता यावे, हा त्याचा हेतू होता. त्याच्या स्टाफला चार रेषा होत्या. व्हायोलिन उत्तर इटलीत घडले ते १६ व्या शतकात, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांनी. गळ्यासाठी बनलेली लिपी पुढे वाद्यांनी उचलली, त्यामुळे ती काय वाजले पाहिजे ते नीट सांगते आणि हाताने काय करायचे याबद्दल जवळपास गप्प राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी वादकांनी नंतर बोटांचे आकडे, गजाच्या खुणा अशी आपापली चिन्हे तिच्यात घातली.

स्टाफच्या सुरुवातीला एक वळणदार चिन्ह असते, त्याला ट्रेबल क्लेफ म्हणतात. त्याचे वेटोळे खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरते आणि ही रेषा जी या स्वराची आहे असे सांगते. एक रेषा ठरली की बाकीच्या आपोआप ठरतात. खालून वर मोजले तर रेषांवर ई, जी, बी, डी, एफ हे स्वर येतात आणि मधल्या चार जागांत एफ, ए, सी, ई. व्हायोलिनचे सगळे संगीत याच एका क्लेफमध्ये लिहिले जाते. व्हायोला वाजवणाऱ्याला आल्टो क्लेफ आणि चेलो वाजवणाऱ्याला बेस, टेनर असे एकाहून अधिक क्लेफ शिकावे लागतात. त्या मानाने व्हायोलिनवाल्याची सुटका स्वस्तात होते.

रेषांची आणि जागांची ही अक्षरे लक्षात राहावीत म्हणून शाळांतून इंग्रजी वाक्ये पाठ करून घेतात, प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर म्हणजे एक स्वर. परीक्षेतल्या लेखी प्रश्नाला ती चालतात. वाजवताना ती आड येतात, कारण चौथ्या रेषेवरचा स्वर शोधायला प्रत्येक वेळी तळापासून वाक्य म्हणत वर जावे लागते आणि तोवर ताल पुढे गेलेला असतो. व्हायोलिन शिकणाऱ्याकडे याहून चांगल्या खुणा आहेत. त्या म्हणजे त्याच्या चार मोकळ्या तारा.

सर्वांत जाड तारेपासून या तारा जी, डी, ए, ई अशा लावलेल्या असतात. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात. ए तार ४४० हर्ट्‌झला लावण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे, त्या हिशेबाने जी तार १९६ हर्ट्‌झला येते. आता या चार स्वरांच्या स्टाफवरच्या जागा पाहाव्यात. मोकळी ई तार म्हणजे स्टाफमधली सर्वांत वरची जागा. मोकळी ए तार म्हणजे खालून दुसरी जागा. मोकळी डी तार पहिल्या रेषेच्या लगेच खाली लटकते. मोकळी जी तार त्याहून खाली आहे. तिच्यासाठी स्टाफखाली दोन छोट्या जादा रेषा माराव्या लागतात आणि टिपका त्यांच्याही खाली बसतो. या जादा रेषांना लेजर लाइन म्हणतात. चारही मोकळ्या तारा जागांत आहेत, रेषेवर एकही नाही.

ही बाब साधी दिसते, पण तिच्यातून पहिल्या वर्षभराचे वाचन सुटते. व्हायोलिनवर डाव्या हाताची तर्जनी म्हणजे पहिले बोट, मध्यमा दुसरे, अनामिका तिसरे आणि करंगळी चौथे. मोकळ्या तारेसाठी शून्य. अंगठा मोजत नाहीत, तो मानेखाली आधाराला असतो. (आधी कीबोर्ड शिकलेली मुले इथे हमखास घोटाळा करतात, कारण तिथे अंगठा पहिला असतो.) हात मानेच्या टोकाशी, म्हणजे पहिल्या पोझिशनमध्ये असताना प्रत्येक बोट स्टाफवर एक पायरी वर चढते. मोकळी तार जागेत, म्हणून पहिले बोट तिच्या वरच्या रेषेवर, दुसरे पुढच्या जागेत, तिसरे पुन्हा रेषेवर, चौथे पुन्हा जागेत. चारही तारांवर हेच. टिपका रेषेवर असेल तर बोट पहिले किंवा तिसरे. जागेत असेल तर मोकळी तार, दुसरे किंवा चौथे. सर्वांत खालच्या रेषेवरचा ई म्हणजे डी तारेवरचे पहिले बोट, मधल्या रेषेवरचा बी म्हणजे ए तारेवरचे पहिले बोट, सर्वांत वरच्या रेषेवरचा एफ म्हणजे ई तारेवरचे पहिले बोट. एवढी तीन ठिकाणे आणि चार मोकळ्या तारा पक्क्या झाल्या की बाकीचे स्वर त्यांच्यापासून एक-दोन पायऱ्यांवर सापडतात. अक्षराचे नाव मनात उमटण्याआधी बोट खाली जाऊ लागते. वाचनाला वेग येतो तो इथूनच. टिपका, मग नाव, मग बोट असा वळसा जितका लवकर सुटेल तितके बरे.

चौथ्या बोटाची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. डी तारेवर चौथे बोट टेकवले की ए हा स्वर मिळतो आणि शेजारची मोकळी तारही ए हाच स्वर देते. कागदावर दोन्ही मिळून टिपका एकच. कोणते वाजवायचे हे संपादकाने वर आकडा घालून सांगितले तर ठीक, नाहीतर वादकाने ठरवायचे. मोकळ्या तारेचा आवाज खणखणीत असतो, बोटाचा जरा मऊ. डी तारेवरच्या स्वरांच्या मध्येच एकटा ए आला, तर गज शेजारच्या तारेवर नेऊन परत आणण्यापेक्षा करंगळी टेकवणे सोयीचे पडते. सुरुवातीला करंगळीत जोर नसतो, म्हणून बहुतेक पुस्तके पहिले काही महिने शून्यावर भागवतात.

आता कागदावर नसलेली गोष्ट. स्टाफवर सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या दिसतात, पण कानाला त्या सारख्या नसतात. ई आणि एफ यांत, तसेच बी आणि सी यांत अर्ध्या स्वराचे अंतर आहे. बाकी शेजाऱ्यांमध्ये पूर्ण स्वराचे. पियानोवर हा फरक पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळी पट्टी आहे की नाही यावरून डोळ्यांना दिसतो. गिटारवर पडदे असतात. व्हायोलिनच्या पट्टीवर काहीच नसते. डी तारेवर दुसऱ्या बोटाने साधा एफ वाजवायचा तर ते पहिल्या बोटाला चिकटून बसते. एफ शार्प वाजवायचा तर तेच बोट पुढे सरकून तिसऱ्याला चिकटते. मोठ्या आकाराच्या व्हायोलिनवर या दोन जागांमध्ये सुमारे दीड सेंटिमीटरचे अंतर असते, लहान मुलांच्या व्हायोलिनवर त्याहून कमी. टिपका दोन्ही वेळा त्याच जागेत, बोटाचा आकडाही दोन्ही वेळा दोनच. फरक करते ती त्याच्या आधी असलेली शार्पची खूण किंवा ओळीच्या सुरुवातीची की सिग्नेचर.

शार्पने स्वर अर्ध्याने चढतो, फ्लॅटने अर्ध्याने उतरतो, नॅचरलच्या खुणेने मूळ जागी येतो. एखादी खूण पूर्ण रचनेला लागू असेल तर ती दर टिपक्यापुढे न लिहिता क्लेफच्या शेजारी एकदाच लिहितात. तीच की सिग्नेचर. शिकणाऱ्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होते, कारण ती ओळीच्या टोकाला असते आणि नजर टिपक्यांवर. शार्प नेहमी एकाच क्रमाने येतात: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. एक शार्प असेल तर तो एफचाच. दोन असतील तर एफ आणि सी. आणखी एक गोष्ट सुटते ती अशी, की की सिग्नेचरमधला एफ शार्प वरच्या रेषेवर काढलेला असला तरी तो खालच्या जागेतल्या एफलाही लागू असतो.

व्हायोलिनची बहुतेक प्राथमिक पुस्तके दोन शार्पच्या डी मेजरपासून किंवा तीन शार्पच्या ए मेजरपासून सुरू होतात. पियानोचा विद्यार्थी शार्प नसलेल्या सी मेजरपासून सुरू करतो, त्यामुळे हे उलटे वाटते. कारण हातात आहे. डी मेजरची सरगम मोकळ्या डी तारेपासून वाजवली तर दोन्ही तारांवर बोटांची ठेवण अगदी एक येते: पहिले बोट सुटे, दुसरे आणि तिसरे चिकटलेले. डी तारेवर डी, ई, एफ शार्प, जी. ए तारेवर ए, बी, सी शार्प, डी. ए मेजरलाही मोकळ्या ए तारेपासून तीच ठेवण लागते. सी मेजर वाजवायचे तर डी आणि ए तारांवर दुसरे बोट मागे, जी तारेवर पुढे आणि ई तारेवर पहिलेच बोट पार मानेच्या टोकापर्यंत मागे घ्यावे लागते. कागदावर सोपी ती हाताला अवघड, असा हा मामला आहे. डी मेजर अंगवळणी पडल्यावर शिक्षक जी मेजरकडे वळतात. तिथे सी शार्प नसतो, म्हणून ए तारेवरचे दुसरे बोट मागे येते आणि डी तारेवरचे पुढेच राहते. डोळ्यांनी की सिग्नेचर पाहिली आणि बोटांनी पाहिली नाही, असे पहिल्यांदा होते ते या टप्प्यावर.

बोट बरोबर पडले की नाही याची एक तपासणी वाद्यातच आहे. डी तारेवर तिसऱ्या बोटाने जी वाजवला आणि तो अचूक लागला, तर शेजारची मोकळी जी तार न छेडता गुंजते, कारण दोन्ही स्वरांत बरोबर एका सप्तकाचे अंतर असते. ए तारेवरच्या तिसऱ्या बोटाला डी तार असाच प्रतिसाद देते आणि ई तारेवरच्या तिसऱ्याला ए तार. वाद्याचा आवाज एकदम मोकळा होतो. बोट किंचित हलवले की तो गुंज जातो. वाचनाचा सराव करताना लांब स्वरांवर थांबून हे ऐकण्याची सवय लागली, तर कागद आणि कान एकत्र वाढतात.

या ठिकाणी पट्टीवर चिकटवलेल्या रंगीत टेपचा प्रश्न येतो. बोटे कुठे पडावीत हे कळावे म्हणून शिक्षक लहान मुलांच्या व्हायोलिनवर तीन-चार पातळ पट्ट्या चिकटवतात. हा वाद जुना आहे. वोल्फगांग मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी १७५६ मध्ये आउग्सबुर्गमध्ये व्हायोलिनवादनाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यात पट्टीवर अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या आणि तिच्यावर खाचा पाडणाऱ्या शिक्षकांची त्यांनी चांगलीच हजेरी घेतली आहे. चांगला कान असलेल्या विद्यार्थ्याला अशा सोयीची गरज नाही आणि कान नसलेल्याने व्हायोलिनऐवजी कुऱ्हाड हाती घेतलेली बरी, असे त्यांचे म्हणणे. ते फारच कठोर आहे; मोठ्या वर्गात पंधरा मुलांना एकाच वेळी शिकवणाऱ्याला टेपशिवाय गत्यंतर नसते. पण टेपचा तोटा खरा आहे. वाचताना नजर पानावर हवी. टेप असली की ती बोटांकडे जाते आणि परत येईपर्यंत ओळ हरवते. टिपक्यावर लिहिलेल्या बोटांच्या आकड्यांचेही तसेच. प्रत्येक टिपक्यावर आकडा असेल तर मूल आकडे वाचते, टिपके नाही. आकडे पुसले की त्याला पान नवेच वाटते. म्हणून चांगली पुस्तके पहिल्या काही पानांनंतर आकडे विरळ करत जातात आणि पुढे फक्त बोट बदलते किंवा तार बदलते तिथेच ठेवतात.

स्वराची उंची कळली तरी अर्धेच काम होते. उरलेले अर्धे लांबीचे. टिपक्याचा आकार त्याची लांबी सांगतो. भारतात परीक्षांमुळे ब्रिटिश नावे रूढ आहेत: पोकळ, दांडी नसलेला सेमिब्रीव्ह चार मात्रांचा; पोकळ, दांडी असलेला मिनिम दोन मात्रांचा; भरीव, दांडीचा क्रॉचेट एका मात्रेचा; दांडीला शेपूट असलेला क्वेव्हर अर्ध्या मात्रेचा. टिपक्याच्या उजवीकडे बारीक ठिपका असेल तर लांबी दीडपट, म्हणजे ठिपक्याचा मिनिम तीन मात्रांचा. ओळीच्या सुरुवातीचे दोन आकडे म्हणजे टाइम सिग्नेचर: वरचा आकडा एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या भागात, किती मात्रा ते सांगतो, खालचा मात्रेचे माप. ४/४ म्हणजे चार क्रॉचेटचा बार, ३/४ म्हणजे तीन क्रॉचेटचा. शांततेलाही अशीच मापे आहेत. त्यांना रेस्ट म्हणतात आणि नवशिके ती हटकून खातात.

व्हायोलिनवर मात्रा म्हणजे फक्त मोजणे नव्हे, ती गजाची वाटणी आहे. गजाची लांबी ठरलेली आणि ती स्वरांत वाटून द्यायची. ३/४ मध्ये ठिपक्याचा मिनिम आणि पुढच्या बारमध्ये एकच क्रॉचेट असा साधा तुकडा घेऊ. पहिल्या स्वराला अख्खा गज खाली ओढला, तीन मात्रा सावकाश. दुसऱ्या स्वराला तोच गज परत वर न्यायचा तर एकाच मात्रेत, म्हणजे तिप्पट वेगाने. वेग वाढला की आवाज वाढतो. म्हणून हा छोटा स्वर, ज्याने हळूच यायचे, तो ओरडून येतो. पानावर यातले काहीही लिहिलेले नसते. उपाय दोन: परत येताना गजाचा भार हलका करायचा किंवा छोट्या स्वराला थोडाच गज वापरून पुढचा स्वर गजाच्या त्या भागातूनच सुरू करायचा. लय बरोबर मोजूनही वादन ओबडधोबड का वाटते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

दिशेसाठी मात्र खुणा आहेत. तळ नसलेल्या चौकोनासारखी खूण म्हणजे डाउन-बो, गज मुठीकडून टोकाकडे. इंग्रजी व्हीसारखी खूण म्हणजे अप-बो, टोकाकडून मुठीकडे. मुठीपाशी हाताचे वजन गजावर येते, म्हणून डाउन-बोचा आवाज सहज ठसठशीत येतो आणि बारची पहिली, जोरकस मात्रा त्यावर टाकण्याचा रिवाज पडला. हाही लिओपोल्ड मोझार्टच्या ग्रंथातल्या सुरुवातीच्या नियमांपैकी एक. ४/४ मध्ये चार क्रॉचेट वाजवले तर दर बार आपोआप डाउन-बोवर सुरू होतो. ३/४ मध्ये तीन क्रॉचेट असले की दुसरा बार अप-बोवर येतो आणि नियम मोडतो. संपादक मग दोन स्वरांना एका वक्ररेषेने जोडून हिशेब जुळवतात. त्या वक्ररेषेला स्लर म्हणतात: तिच्याखालचे सगळे स्वर एकाच गजात, न थांबता. हुबेहूब तशीच वक्ररेषा दोन सारख्याच उंचीच्या टिपक्यांवर आली तर ती टाय. तेव्हा दुसरा टिपका वेगळा वाजवायचा नसतो, त्याची लांबी पहिल्यात मिळवायची असते. दोन टिपक्यांची उंची पाहिल्याशिवाय ही वक्ररेषा कोणती ते कळत नाही.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना या सगळ्यात आणखी एक पेच पडतो, कारण त्यांच्या कानात आधीच सरगम असते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखनपद्धतीत स्वर अक्षरांनी एका ओळीत लिहितात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर. तिथे षड्ज वादकाच्या सोयीने कुठेही धरता येतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ठरतात. गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार यांच्यासारख्या हिंदुस्थानी व्हायोलिनवादकांच्या परंपरेत तारा षड्ज-पंचमाच्या नात्याने जुळवून घेतात. स्टाफ नोटेशनमध्ये असे चालत नाही. खालून दुसऱ्या जागेतला टिपका म्हणजे ए, मग रचनेचा षड्ज कोणताही असो.

डी मेजरच्या धड्यात हा पेच जाणवत नाही: मोकळी डी तार षड्ज धरली की सगळे शुद्ध स्वर येतात आणि विद्यार्थ्याला बिलावल थाट सापडल्याचा आनंद होतो. जी मेजरचा धडा आला की डी हाच षड्ज धरून बसलेल्या कानाला तोच स्वरसमूह खमाज थाटासारखा, कोमल निषादासह ऐकू येतो आणि पान संपते ते मध्यमावर. गाणे अधुरे राहिल्यासारखे वाटते. सरगमेचा उपयोग कान तयार करायला जरूर करावा. धड्याचा षड्ज कुठे आहे ते आधी ठरवून ती गाऊन पाहणे फायद्याचेच आहे. टिपक्यांना सा-रे-ग अशी कायमची नावे देणे मात्र पुढच्याच धड्यात अंगाशी येते.

गोव्यात चित्र वेगळे होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सॉल्फेज, म्हणजे नोटेशन गाऊन वाचायला आणि बरोबरीने व्हायोलिन शिकवत. त्या परंपरेत 'दो' हा कायम सी असतो, म्हणून वाचन स्टाफशी घट्ट जुळलेले राही. हे शिक्षण घेतलेले गोंयकार मुंबईच्या चित्रपटसंगीतात मोठ्या संख्येने आले. संगीतकार चाल बांधत, अरेंजर ती ऑर्केस्ट्रासाठी स्टाफवर उतरवत आणि वादक ध्वनिमुद्रणाच्या खोलीत समोर आलेला कागद पाहून वाजवत. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे अशाच व्हायोलिनवादक-अरेंजरांपैकी एक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते शिष्याने गुरूची आठवण ठेवली म्हणून. न पाहिलेले पान पहिल्या खेपेलाच वाजवता येणे ही त्या काळी थेट रोजीरोटीची गोष्ट होती.

यालाच साइट-रीडिंग म्हणतात आणि परीक्षांतही त्याला वेगळे गुण असतात. एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एकूण १५० पैकी २१ गुण त्याचे. अनोळखी तुकडा पाहायला अर्धे मिनिट मिळते आणि त्या वेळात तो वाजवून पाहिला तरी चालतो. या अर्ध्या मिनिटात बहुतेक मुले पहिल्या बारपासून टिपके ओळखायला लागतात आणि तिसऱ्या बारपाशी वेळ संपतो. अनुभवी वाचक आधी की सिग्नेचर पाहून दुसरे बोट कोणत्या तारेवर पुढे आणि कोणत्या तारेवर मागे हे ठरवतो, मग टाइम सिग्नेचर, मग सर्वांत अवघड दिसणारा एखादा बार, आणि त्या बारला झेपेल अशी लय धरतो. वाजवताना चूक झाली तरी तो मागे वळत नाही. मागे जाऊन दुरुस्त करण्याची खोड घरच्या सरावात लागते, कारण तिथे थांबायला कोणाची हरकत नसते. मेट्रोनोम लावून किंवा शिक्षकाबरोबर दोघांनी मिळून वाजवले की ती सुटते.

नजर हाताच्या पुढे किती धावते यावर वाचनाचा दर्जा अवलंबून असतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये याची पाहणी केली: वादक वाचत असताना पान अचानक दिसेनासे करायचे आणि त्यानंतर तो किती स्वर बरोबर वाजवतो ते मोजायचे. कच्च्या वाचकांचे तीन-चार स्वर निघत, पक्क्या वाचकांचे सातपर्यंत. शिवाय पक्क्या वाचकांची झेप साधारणपणे चालीच्या एखाद्या तुकड्याच्या शेवटाशी जाऊन थांबे. ते सुटे टिपके वाचत नव्हते, आकार वाचत होते: तीन पायऱ्या वर, एक उडी खाली, सरगमेचा अर्धा तुकडा. व्हायोलिनवर या आकारांना हाताचे अर्थ असतात. एका रेषेवरून लगतच्या रेषेवर उडी म्हणजे सहसा पहिल्या बोटावरून तिसऱ्यावर. लगतच्या जागांतली उडी म्हणजे मोकळ्या तारेवरून दुसऱ्या बोटावर. चार पायऱ्यांची उडी म्हणजे त्याच बोटाने शेजारची तार.

सराव कशावर करावा याबद्दल मतभेद आहेत. जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांच्या पद्धतीत मूल आधी ऐकून वाजवते आणि वाचन बरेच नंतर येते. मूल बोलायला आधी शिकते आणि वाचायला मागाहून, हा त्यामागचा विचार. या मुलांचा सूर आणि आवाज सहसा सुरेख असतो. वाचन फार लांबले तर मात्र बोटे अवघड रचनांपर्यंत पोहोचतात आणि डोळे बाळबोध पानावर अडतात. मग त्या पानाचा कंटाळा येतो. वादनाच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या सोपे असे नवे पान रोज एकदाच वाजवायचे आणि पुढे जायचे, हा त्यावरचा जुना उपाय अजून उपयोगी पडतो. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला की तो पाठ होतो आणि वाचन तिथेच थांबते.

पहिली पोझिशन पक्की झाली की हात मानेवरून वर सरकतो आणि तोच टिपका वेगळ्या बोटाचा होतो. सर्वसाधारणपणे आधी तिसरी पोझिशन शिकवतात, दुसरी मागाहून. वाचनाच्या दृष्टीनेही हे सोयीचे पडते. तिसऱ्या पोझिशनमध्ये हात दोन पायऱ्या वर गेलेला असतो, म्हणून रेषेवर पहिले आणि तिसरे बोट, जागेत दुसरे आणि चौथे ही मांडणी टिकून राहते. बदलते ते बोट. चौथ्या रेषेवरचा डी, जो आतापर्यंत ए तारेवरच्या तिसऱ्या बोटाचा होता, तो त्याच तारेवरच्या पहिल्या बोटाचा होतो. दुसऱ्या पोझिशनमध्ये हात एकच पायरी सरकतो आणि मांडणी उलटते: पहिले बोट जागेत, दुसरे रेषेवर. चांगली वाजवणारी मुलेही तिथे काही दिवस अडखळतात.